येतानाचं वाजवायचं राहिलं होतं

इनास, लेका,

आज ढोलावरचं काळं कापड निघालं. ही बातमी सगळ्यांत आधी तुला कळायला हवी, म्हणून घरी येऊन बूटसुद्धा न काढता लिहायला बसलोय. आमची मंडळी दारातून विचारते, "गेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहितं का?" मी म्हटलं, "तो असता तर सायकल काढून त्याच्या गावी, गासला गेलो असतो. आता दुसरा काय उपाय?" तिने चहा आणून ठेवला. तिलाही आज बरं वाटलंय.

वर्ष झालं रे तुला जाऊन. आज तुमच्या चर्चमध्ये तुझी वर्षाची मिस्सा होती. पलटणीतली आपली जुनी माणसं आली होती, तीही सांगतो. पण आधी तुझ्याशी भांडायचंय.

इतकी वर्षं पलटणीच्या बँडमध्ये काढलीस. एकाहत्तरची लढाई बघितलीस. पेन्शन घेऊन गावी आलास. आणि बायकोला काय सांगितलंस? नतालवहिनी म्हणतात, "ते म्हनायचे, आमी बँड वाजवायचो, जेवन बरं असायचं." बस? एवढंच? गाव तुला बँडवाला म्हणायचं आणि तू हसून मान डोलवायचास. मला नाही जमायचं. इथे वसईच्या होळी बाजारात मला कोणी बँडवाला म्हटलं की मी त्याला धरून बसवायचो आणि सुनवायचो. बाबा रे, लढाई लागली की बँडवाले वाद्यं कोठारात ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. वरून गोळे पडत असताना शेतात जाऊन जखमी माणसं आणतात. लोक सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "ते ठीक, पण आमच्या मुलीच्या लग्नाला याल ना?"

तरी मी सांगायचो. तू मात्र तोंड उघडायचास ते तुझं पितळी कॉर्नेट लावायला. थोडं घरी बोलला असतास, तर गेल्या वर्षी झालं ते झालं नसतं.

काय झालं ते तुला कोण सांगणार? तू तर पेटीच्या आत होतास.

तू गेलास ते कळल्यावर जनू अर्नाळ्याहून निघाला, क्लॅरिनेट बगलेत मारूनच. पलटणीतले जे मुंबईत होते तेही आले. देवळापासून दफनभूमीपर्यंत आम्ही संथ वाजवत गेलो, ढोलावर काळं कापड बांधून, पलटणीत करायचो तस्सं. सगळं गास रडत होतं. माती दिली, फादरांची प्रार्थना झाली, आणि फाटकाबाहेर आम्ही रांग धरली. कोणी हुकूम दिला नाही. हुकूम लागतो का? जाताना संथ, येताना क्विक मार्च. माणूस पोचवला की कापड काढायचं आणि ताठ मानेने, झपझप वाजवत परतायचं. हाडांत मुरलेली सवय. कापडाची गाठ सुटेना, म्हणून मी कापडावरूनच दोन ठोके दिले आणि सगळ्यांनी एकदम उचललं.

आता ते मार्च कोणतं? आपल्या पलटणीचं. आणि गासमध्ये ते कुठलं म्हणून ठाऊक? नवरानवरी देवळातून बाहेर पडतात तेव्हाचं! तूच ना ते गावच्या बँडला बसवून दिलंस? तुझ्या स्वतःच्या लग्नात आम्ही सुटी काढून आलो आणि तेच वाजवलं होतं. वहिनींनी डोक्यावरचा पदर सावरत हसून बघितलं होतं आमच्याकडे.

त्याच वहिनी दोन्ही हात पसरून आमच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. "माझा मानूस आता मातीत ठेवला, नि तुमी लग्नाचा वाजवता?"

जनूच्या तोंडातून क्लॅरिनेट खाली आलं. मी ढोलावर हात दाबून धरला. तिथे उभं राहून काय पलटणीची रीत समजावून सांगायची? आणि कोणाला, तिला? वाद्यं उचलून घरी आलो.

मी ढोल तसाच, कापडासकट माळ्यावर ठेवला. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील, हरी हट्टी आहे. आहेच. आपण तुला पोचवलं, पण परत आलो नाही. म्हणजे परेड अजून संपलेली नाही, असा माझा हिशेब. लग्नसराई आली, माणसं दारात आली, मी नाही म्हटलं. मंडळी वैतागली. म्हणाली, "माणसाचं सुतक तेरा दिवस. तुमच्या ढोलाचं किती?" मी म्हटलं, "परत येईपर्यंत." तिने कपाळाला हात लावला.

माझ्या ढोलाचं एक असू दे. पण वहिनींचं? रोज संध्याकाळी दफनभूमीत तुझ्यापाशी येऊन बसत होत्या ते तू बघतच होतास. वाडीकडे मात्र ढुंकून पाहिलं नाही त्यांनी. मोगऱ्याचे ताटवे गवतात गेले. केळी तहानेने पिवळी पडली. विहिरीवरची मोटर गंजायला लागली. ज्या वाडीत तू आम्हाला एक पान तोडू देत नव्हतास, तिथे बकऱ्या शिरल्या. मी एकदा जाऊन म्हटलं, "वहिनी, निदान पाणी तरी लावा." त्या म्हणाल्या, "कोनासाठी?" उठून आलो.

तू होतास तोवर आपण दरवर्षी त्याच वाडीत जमायचो. एकाचा पत्ता हाती लागला की त्याला कार्ड टाकून दुसऱ्याचा विचारायचास. कोणी शेती करत होता, कोणी गिरणीच्या फाटकावर पहारा देत होता, एकाने तर पिठाची चक्की टाकली होती. सगळे तू गोळा केलेस. तुझ्यामागे कोण करणार, असं सगळ्यांना वाटलं. तर ऐक, जनूने आणि मी केले. आणि यंदा कोण आलं माहितीये? आपले बँडमास्तर साहेब. साताऱ्याकडून, ह्या वयात. काठी टेकत उतरले, पण बुटांना पॉलिश असं की खाली बघून दाढी करावी.

काल संध्याकाळी सगळे तुझ्या पडवीत बसलो. वहिनींनी कोंबडीचं झणझणीत इंद्याल केलं होतं, त्याबरोबर खायला मैद्याचे फुगे तळले होते. वाढलं पोटभर, पण बोलणं मोजकंच. स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहिल्या. आम्ही आपले जुने विषय काढले. त्या मोठ्या साहेबांच्या स्वागताला समोर बसून जवानांनी कैऱ्या चोखल्या होत्या, आठवतं? सगळ्या कॉर्नेटवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, एकाचाही सूर लागेना, आणि आख्खं स्वागत माझ्या ढोलावर निभावलं. जनू सांगत होता, "साहेबाला वाटलं, ह्यांची पद्धतच अशी असंल. खूश होऊन गेला." चक्कीवाला इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

मग कोणीतरी शंकरचं नाव काढलं आणि चक्कीवाल्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

वहिनींनी विचारलं, "शंकर कोन?"

बघ, म्हणजे हेसुद्धा नाही सांगितलंस!

साहेबांनी सांगितलं. "बासरीवाला आमचा. सगळ्यांत लहान. लढाईत स्ट्रेचरचे पुढचे दांडे तुझ्या मालकाकडे, मागचे शंकरकडे. जखमी घेऊन येताना शंकरला लागलं. मागचे दांडे ह्या हरीने धरले. जखमी पोचवला, आणि इनास उलट्या पावली गेला. शंकरला खांद्यावर टाकून आणला त्याने पोरी, सगळं शेत ओलांडून."

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान हलवली.

"लढाई थांबली आणि मग शंकर इस्पितळात वारला," साहेब म्हणाले. "मानाने निरोप द्यायचा होता. कोठारातून वाद्यं काढली. अग्नी देऊन झाला. परतीचं मार्च इनासच्या कॉर्नेटने सुरू व्हायचं. हरीने ठोके दिले, कॉर्नेट वाजेना. पुन्हा दिले. इनास नुसता ओठाला लावून उभा. मी ओरडलो नाही. माझा आवाज तरी कुठे होता? आणि मग त्याने सुरू केलं. तसं मी परत कधी ऐकलं नाही."

"पन का वाजवायचा?" वहिनींचा आवाज चढला. "मानूस पोचवून आल्यावर कशाला वाजवायचा?"

साहेबांनी उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. मग मी तुझे शब्द सांगितले, इनास. त्या दिवशी जेवताना मी तुला विचारलं होतं, कसं रे जमलं तुला? तू ताटातून वर न बघता म्हणालास, "जाताना शंकरसाठी वाजवलं, हरी. येताना तुमच्यासाठी. नाहीतर तुमच्यातला एक जण तिथून हलला नसता."

वहिनी वाडीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी अजून तिथंच हाय."

त्यांनी ताटं उचलायला घेतली आणि जाता जाता म्हणाल्या, "उद्या वाजवा."

तर आज. मिस्सा झाली, तुझ्यापाशी आलो, फुलं ठेवली, प्रार्थना झाली. मी माझा राम राम केला. फाटकाबाहेर रांग धरली. पुढच्या ओळीत तुझी जागा मोकळी ठेवली, पलटणीत गैरहजर माणसाची ठेवतात तशी. वहिनी सरळ माझ्याकडे आल्या आणि ढोलावरच्या गाठीला हात घातला. वर्षाची गाठ, दगड झालेली. मी म्हटलं, चाकू आहे. "थांबा," म्हणाल्या. जन्मभर फुलांच्या जुड्या बांधलेले हात ते. नखांनी सोडली, शेवटी दात लावले, पण सोडली. कापडाची घडी करून कमरेला खोचली, आणि चालत जाऊन तुझ्या मोकळ्या जागेवर उभ्या राहिल्या. ती जागा तुझी हे कोणीही त्यांना सांगितलेलं नव्हतं.

साहेबांनी काठी उचलली. मी दोन ठोके दिले. उघड्या ढोलाचे, वर्षाने. तुझ्या कॉर्नेटचा तुकडा आम्ही रिकामाच सोडला. त्यात नुसता ढोल आणि पावलं वाजली. मग जनूने क्लॅरिनेट उचललं आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

काय वाजलं म्हणून सांगू! अर्ध्यांचे दात पडलेत, एकाला दमा आहे, तरी वाजलं. लोक रस्त्याला येऊन उभे राहिले. गेल्या वर्षी तोंडं फिरवून गेलेले तेच लोक. एसटीच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. तुला बँडवाला म्हणून चिडवणारा तो तुझा शेजारी टोपी काढून उभा होता आणि बाजूच्याला सांगत होता, "आपला इनास लष्करातला." जसं काही त्यानेच तुला भरती केलं. माझी छाती इतकी फुगली की ढोलाचे पट्टे काचायला लागले.

आणि तुझी बायको चालत होती. आधी पाऊल चुकत होतं. तुझ्या जागेवर, ताठ, पण पाऊल उलटं. मी मागून बघत होतो. नव्या रंगरुटांना तू काय शिकवायचास? डावा पाय हरीच्या ढोलावर. वहिनींना कोणी शिकवलं? विहिरीच्या वळणावर मी बघितलं, तर डावा पाय बरोबर माझ्या ठोक्यावर पडत होता. तिथून दारापर्यंत एकदाही चुकला नाही. मला पुढचं नीट दिसेना, पण हात थांबू दिला नाही मी. साहेबांनी अंगणात येऊन काठी खाली केली आणि म्हणाले, "परेड बरखास्त."

वहिनींनी सगळ्यांना पाणी दिलं. मग त्या दिसेनात. आम्ही पडवीत बूट सैल करत बसलो होतो, तेवढ्यात वाडीतून मोटरचा आवाज आला. दोनदा अडखळली, मग सुरू झाली. जनू म्हणाला, "ऐकलं का? पानी लावलं." चक्कीवाला उठून मागे गेला आणि पाटातलं गवत काढायला लागला. मग आम्ही सगळेच गेलो, साहेबसुद्धा. तुझ्या वाडीत आज पलटणीचा बँड गवत उपटत होता, इनास. तुला बघायला मिळालं असतं तर शिव्या घातल्या असत्यास, की मोगरा तुडवता म्हणून.

निघताना मी कापड मागितलं. वहिनी म्हणाल्या, "धुवून देते. लागंल तुमाला." त्यांचंही खरं आहे.

म्हणून आज तुला शब्द देतो. आता एकेकाचा नंबर लागणार. साहेब आहेत, जनू आहे, दमेकरी तर खोकतोच आहे. ज्याला पोचवायला जाईन, त्याचं येतानाचं वाजवल्याशिवाय मी घरी येणार नाही. सगळे गेले आणि मी एकटाच उरलो, तर एकट्या ढोलावर वाजवत परतेन. लोक वेडा म्हणाले तर म्हणोत. आणि माझाच नंबर आधी लागला, तर काळजी नाही. मंडळीला आज सगळं सांगून ठेवलंय, का वाजवायचं, कोणासाठी वाजवायचं. तुझ्यासारखं नाही केलं मी.

ती आतून विचारतेय, बूट काढताय की नाही? काढतो आता.

डावा पाय ढोलावर,

तुझा
हरी
होळी, वसई