खुर्चीची खालची बाजू

प्रिय पैलवानदादा,

हे पत्र लिहायला मी सकाळपासून कितीदा तरी बसले. दोन ओळी झाल्या की उठते, गॅलरीत जाते, वाळलेले कपडे उगाच चाचपून परत येते. तू म्हणशील, हरणीच्या पायाला भिंगरीच आहे, त्यात नवीन काय!

आधी बातमी. आपल्याच इमारतीत तळमजल्यावर जागा मिळाली. महिनाअखेर हे चौथ्या मजल्यावरचं घर सोडायचं. सामान हमाल नेतील, प्रश्न आईचा आहे. खुब्याचं हाड जुळलं, वॉकर धरून ती घरात फिरते, पण जिना डॉक्टरांनी बंदच केलाय आणि लिफ्ट आपल्या नशिबात नाही. म्हणजे पुन्हा ती लाकडी खुर्ची आणि धरायला आपण दोघं. परक्या माणसाला ती खुर्चीला हात लावू देत नाही.

आठवतो ना आपला जन्माचा वाद? मी शाळेत मुलांना पळवते, तू जिममध्ये लोकांना वजनं उचलायला लावतोस. तू म्हणायचास, नुसतं पळून काय होतं, भरलेली बादली उचलायची वेळ आली की हाक मलाच मारतेस. मी म्हणायचे, ते दंड काय चाटायचेत, दोन जिने चढलास की भात्यासारखा फुसफुसतोस. आई म्हणायची, दोघं मिळून एक धड माणूस झालात तरी पुष्कळ.

दवाखान्यातून तिला वर आणताना झालंही तसंच. वरची बाजू माझी, खालची तुझी, म्हणजे खरा भार तुझ्यावर. पहिल्याच मजल्यावर माझे हात लटपटायला लागले. तुझे शेवटपर्यंत हलले नाहीत, पण तिसऱ्या मजल्यावर दम संपला आणि तू पांढराफटक होऊन पायरीवर बसलास. आई खुर्चीतूनच एक्स-रेच्या पाकिटाने तुला वारा घालत होती. त्याच संध्याकाळी तू गेलास तो परत आला नाहीस. फोनवर कामाची कारणं सांगतोस. दम संपला याची लाज वाटते तुला, मला काय कळत नाही का रे?

हसू नकोस, पण मी डंबेल्स आणलेत. एक दिवसाआड उचलते, आणि भरलेली बादली आता गच्चीपर्यंत नेते. तुझं म्हणणं खरं होतं, घे. माझंही अर्धं खरं मान आणि रोज चालायला लाग. एकदा छातीही तपासून घे. हा टोमणा नाही, मला भीती वाटते.

पण पत्र त्यासाठी नाही. बरेच दिवस आई ताटातलं निम्मं तसंच ठेवते. मला वाटलं तोंडाला चव नसेल. औषधं बदलून झाली, तरी गाऊन अंगावर लोंबायला लागला. काल मी चिडून ताट पुढे सरकवलं, तेव्हा म्हणाली, मागच्या वेळी त्याला मी जड झाले, म्हणूनच तो येत नाही, जरा हलकी झाले की झेपेन. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दादा, माझं ती ऐकत नाही आणि हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तू ये. खुर्ची नंतर उचलू, प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत, आणि या वेळी खालची बाजू मी धरीन. तू आधी तिच्यासमोर बस आणि तिला पोटभर जेवायला लाव.

तुझीच,
हरणी