तिघी गेलो, दोघी आलो

हूरा, मनामा, बहरीन
शुक्रवार, ७ मार्च १९९७

प्रिय नीलमताई,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र केव्हाच पोचलं, उत्तराला उशीर झाला, रागावू नको. ईदच्या सुट्टीनंतर ऑफिसात तिकीटवाल्यांची झुंबड होती. मी बरी आहे. आई-बाबा, भाऊजी ठीक असतील. प्रज्योतनं दात पडल्याचं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, फार हसले. त्याला सांग, ब्राझीलमधल्या पोरांचेही दात पडतात, मावशीनं डोळ्यांनी पाहिलंय.

ब्राझील कसं होतं म्हणून तू विचारलंस. काय सांगू बाई! ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी केल्याचं एवढंच सुख, वर्षातून एकदा अगदी स्वस्तात तिकीट मिळतं. आम्ही तिघी गेलो. एक मी, दुसरी महमुदा, माझ्याच खोलीत राहणारी हैदराबादची, ऑफिसचे हिशेब बघते. तिसरी निवेदिता, माझ्या शेजारच्या काउंटरवर बसते. मूळची सावंतवाडीची, पुण्यात दिलेली. नवरा इथे बँकेत मोठा अधिकारी, इथल्याच झिंज भागात फ्लॅट.

सॅल्व्हाडोर नावाचं समुद्रकाठचं शहर. उतरलो तेव्हा कार्निव्हल ऐन भरात होता. आपल्याकडे चौदा एप्रिलला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर जशी माणसं असतात तशी, फक्त अर्ध्या कपड्यांत! घराएवढे ट्रक, वर बँड, आणि ढोल असे की छातीचं हाड हलावं. कोपऱ्याकोपऱ्यावर पांढऱ्या घेरदार झग्यातल्या बाया चवळीचे वडे लाल तेलात तळतात. मी दोन्ही वेळा तेच खाल्ले.

एक गोष्ट मात्र बघवली नाही. ट्रकच्या भोवती दोरखंड असतो. ज्यांनी बँडवाल्यांचा शर्ट विकत घेतला ते दोराच्या आत नाचतात, बाकी गाव बाहेर. आणि तो दोर धरून काळी, गरीब पोरंपोरी उन्हात मैलोगणती चालतात. आम्ही तिघी शर्ट घालून आत. माझ्याजवळ दोर धरलेली पोरगी घामानं निथळत होती. मला काय झालं कोण जाणे, वाकून बाहेर आले. मागे पाहते तर निवेदिताही वाकून बाहेर! महमुदा आतून ओरडते, "अरे, पागल हो क्या दोनों?" तेवढ्यात एका जाड्या बाईनं निवेदिताचे दोन्ही हात धरले आणि तिला गरगर फिरवलं. ताई, दोन वर्षं मी तिच्या शेजारी बसते. तिला मोठ्यानं हसताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही उतरलो होतो ते घर फिलोमिना नावाच्या म्हाताऱ्या गोव्याच्या बाईचं. पोर्तुगीज गेले तेव्हा नवऱ्याबरोबर बोटीनं निघालेली, फिरत फिरत तिथे पोचली. निवेदिता तिच्याशी मालवणीत बोलली आणि म्हातारी चक्क रडली. कितीतरी वर्षांनी कानावर पडलं म्हणे.

निवेदिता अजून तिथेच आहे. येईल काही दिवसांनी.

माझ्या लग्नाच्या पत्रिका छापायला टाकल्या का? नसतील तर थोडं थांबा. इथे रजेचं अजून नक्की नाही, बाकी काही नाही. बुद्धपौर्णिमेला वेळ आहे. अनिरुद्धच्या घरच्यांना एवढ्यात काही बोलू नको.

आई-बाबांना जयभीम.

तुझी,
अक्षता


हूरा, मनामा
शुक्रवार, ११ एप्रिल १९९७

प्रिय ताई,

जयभीम.

परवा फोनवर तू ओरडत होतीस आणि मी नुसती "हो, हो" करत राहिले. फोन खालच्या दुकानातला, मागे माणसं उभी, बोलणार काय? आज सुट्टी आहे. सगळं लिहिते. आधी वाईट ते लिहिते, म्हणजे पुढचं तरी नीट लिहिता येईल.

मी बुद्धपौर्णिमेला येऊ शकत नाही. माझा पासपोर्ट मालकानं अडकवून ठेवलाय.

आता पहिल्यापासून सांगते. निवेदिताचा नवरा शिरीष तिला रोज ऑफिसला सोडायचा आणि न्यायचा. आम्हाला वाटायचं, किती जपतो! मग कळलं, घरच्या फोनला कुलूप आहे. ती घरी असली की दाराला बाहेरून. दुकानात जायचं तर त्याच्याबरोबर. ऑफिसात दिवसातून कितीदा तरी त्याचा फोन यायचा, आणि ती "आहे, इथेच आहे" एवढंच बोलायची. सॅल्व्हाडोरला उकाड्यानं तिनं पहिल्यांदा बिनबाह्यांचा झगा घातला. दंडावर बोटांच्या खुणा होत्या. जुन्या, पिवळ्या पडलेल्या. महमुदानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. विचारलं कुणीच नाही.

तू म्हणशील, असल्या माणसानं तिला पाठवलं कसं? मिरवायला. बायको ब्राझीलला जाते म्हणून बँकेत सांगायला. पण जायच्या आधी तो आमच्या ऑफिसात आला. मालकासमोर बसून मला म्हणाला, "अक्षता, तुम्ही आहात म्हणून पाठवतोय. तुम्ही तिला परत आणायचं." मालकानं मान डोलावली, "ओके, अक्षता रिस्पॉन्सिबल." त्याच्या बँकेची सगळी तिकिटं आमच्याकडून निघतात, तो सांगेल ते मालकाला ऐकावं लागतं. मी हसून हो म्हणाले. कुणीही म्हणालं असतं.

परतायच्या सकाळी टॅक्सी दारात आली. महमुदा बॅगा घेऊन खाली गेली. निवेदिता स्वयंपाकघराच्या पायरीवर फिलोमिनाबरोबर भेंडी चिरत बसली होती. कपडे घरातलेच. मी म्हणाले, "अगं, ऊठ."

ती म्हणाली, "अक्षता, मी येत नाही."

म्हातारी खाली मान घालून चिरत राहिली. तिला ठाऊक होतं.

"पण त्यानं तुझं नाव घेतलंय," निवेदिता म्हणाली. "तुला सोडणार नाही तो. तू चल म्हणालीस तर येते मी. खरंच येते."

खालून टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता. मला सगळं कळत होतं, ताई. मालक कळत होता, शिरीष कळत होता, पौर्णिमाही डोळ्यांपुढे होती. माझ्या नकळत झालं असं मी म्हणणार नाही. मी म्हणाले, "चिर तू भेंडी. मी निघते." आणि जिना उतरले.

इथे विमानतळावर तो उभा होता. आम्ही दोघी बाहेर आलो. तो आमच्या मागे बघत राहिला. दार उघडायचं, मिटायचं, उघडायचं. शेवटचा माणूस बाहेर पडला तरी बघत होता.

दुसऱ्या दिवशी मालकानं बोलावलं. "पासपोर्ट दे." मी दिला. तिजोरीत टाकून म्हणाला, "मॅडम कमिंग, पासपोर्ट कमिंग. मॅडम मफी, पासपोर्ट मफी." मफी म्हणजे नाही. रजेचा अर्जही परत केला.

शिरीष अधूनमधून येतो. कधी आवाज चढवत नाही. समोरच्या खुर्चीत बसतो आणि म्हणतो, "पत्ता सांगा. तासाभरात पासपोर्ट तुमच्या हातात. लग्न आहे ना तुमचं?" तिघींची उतरायची सोय मीच केली होती, म्हणून तो माझ्याच मागे आहे. मी म्हणते, "आम्ही हॉटेलात होतो, ती तिथून निघून गेली." त्याला पटत नाही. ऑफिस सुटलं की त्याची गाडी टॅक्सीच्या मागे हूऱ्यापर्यंत येते. मी खिडकीचा पडदा उघडत नाही. भाजी महमुदा आणते.

इथल्या आपल्या लोकांतले जगदीशदादा मला अदलिया भागातल्या आपल्या दूतावासात घेऊन गेले. तिथल्या लोकांनी नीट ऐकलं, अर्ज घेतला. पण मालकाशी पत्रव्यवहार होणार, मग पुढचं. लग्नाच्या आत होणं कठीण आहे असं स्पष्ट सांगितलं.

तू फोनवर म्हणालीस, "त्या बाईसाठी तू काहून मरून राहिली? त्या लोकाईनं आपल्यासाठी केलं असतं का?"

नसतं केलं, ताई. बहुतेक नसतं. मी नवीन लागले तेव्हा निवेदितानं पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून डबा वेगळा खायला लागली. पुढे कधीतरी माझी झुणका-भाकर मागून खाल्ली, पण त्या मधल्या महिन्यांबद्दल कधी बोलली नाही. मी ते विसरलेले नाही. ती मोठी चांगली आहे म्हणून मी हे करत नाहीये. दार बाहेरून लावलेल्या घरात तिला माझ्या हातानं परत कशी नेऊन घालू, तू सांग. तू शाळेत पोरींना शिकवतेस, तूच सांग.

अनिरुद्धचा फोन आला होता. त्यानं एकच विचारलं, "तुला पत्ता माहीत आहे?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "मग प्रश्न काय आहे?" ताई, त्याला प्रश्नच दिसला नाही. चांगला माणूस आहे. त्याला समजावून सांगशील का? मला फोनवर जमलं नाही.

सोमवारी जयंती आहे. जगदीशदादांकडे सगळे जमणार आहोत. तुमच्याकडच्या मिरवणुकीत प्रज्योतला खांद्यावर घ्या, त्याला दिसत नाही म्हणून तो रडतो.

अडकलेली,
अक्षता


हूरा, मनामा
शुक्रवार, ३० मे १९९७

प्रिय ताई,

जयभीम.

तुझं पत्र मिळालं. अनिरुद्धच्या वडिलांनी घरी येऊन बाबांना सांगितलं, ते चांगलं केलं. निरोप पाठवण्यापेक्षा बरं. मुलीकडून वेळ पाळली गेली नाही, आम्ही किती थांबणार, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. बाबा माझ्यावर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. आईला हे पत्र वाचून दाखवू नको.

तुझं पत्र यायच्या आधी, पौर्णिमेला थोडे दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. महमुदाला माझे हाल बघवले नाहीत. मला न सांगता तिनं सॅल्व्हाडोरला फोन करून निवेदिताला सगळं सांगितलं. माझ्यासाठीच केलं बिचारीनं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवशी शिरीष नेहमीसारखा माझ्या काउंटरसमोर बसला होता. हातात पेपर, डोळे माझ्यावर. फोन वाजला. मी उचलला.

"अक्षता, मी बोलते."

इथे माझ्याकडे हिंदीत बोलणारे पॅसेंजर पुष्कळ येतात. मी हिंदीतच म्हणाले, "जी मॅडम, बोलिए."

"कोणी आहे का तिथं?"

"यस मॅडम."

"शिरीष?"

"यस मॅडम, कन्फर्म."

मागे तिच्याकडे कोंबडा आरवत होता. ती भराभर बोलायला लागली. "मी येते गं. मला काहीच माहीत नव्हतं. इथे मला काम मिळालंय, फिलोमिनाच्या भाचीच्या खानावळीत, पण ते जाऊ दे. मी येते. पौर्णिमेच्या आत पोचते, तुझा पासपोर्ट सुटेल. मला तिकिटाचं सांग, कुठून कसं येऊ?"

ताई, खरं सांगते, त्या क्षणी मला हो म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मांडव, तुम्ही सगळे, अनिरुद्ध, सगळं समोर उभं राहिलं. आणि मला वाटलं, ती स्वतःहून येते म्हणते, मग मी काहून अडवू? मी थोडीच बोलावलं?

शिरीषनं पेपर खाली ठेवला.

मी म्हणाले, "नहीं मॅडम. बहरीन का सीट नहीं है. वेटिंग भी बंद है."

"असं काय करतेस? तुझं लग्न आहे."

"वो बुकिंग कॅन्सल हो गया, मॅडम. उसके लिए आने की जरूरत नहीं. आप जहाँ हैं वहीं रहिए."

ती रडायला लागली. मी आणखी थोडा वेळ फोन कानाला धरून ठेवला, कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं, "थँक यू मॅडम" म्हणाले आणि ठेवून दिला.

"कोण होतं?" शिरीषनं विचारलं.

"पॅसेंजर, सर."

"एवढी गर्दी आहे का सध्या?"

"हो सर. सुट्ट्या लागल्यात ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुढचं तिकीट काढायला घेतलं. अक्षरं दिसत नव्हती, तरी काढलं. बऱ्याच वेळानं तो उठला, खुर्ची नीट सरकवली आणि गेला. त्यानंतर आलेला नाही. बँकेत बदली मागितलीय असं महमुदानं ऐकलंय. खरं-खोटं माहीत नाही. मालकाची तिजोरी मात्र आहे तशीच आहे. दूतावासाचं पत्र त्याला आलं, तो म्हणाला, "इंशाल्ला, बघू." माझा व्हिसा नोव्हेंबरात संपतो. तेव्हा तो मला पाठवील की पुन्हा ठेवून घेईल, काही सांगत नाही. ऊन आता असं आहे की दुपारी दाराची कडी हाताला लागत नाही. खिडकीतला एसी दिवसभर घरघरतो, मी आणि महमुदा आत.

मी तिच्यासाठी रडले असं समजू नको. निवेदिताचा मला राग येतो. तिथे समुद्रावर वारा असेल, ती दाराबाहेर उभी राहू शकत असेल, हे मनात आलं की जास्त येतो. त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन माझ्यासाठी रडले. पौर्णिमेच्या संध्याकाळी जगदीशदादांकडे वंदनेला गेले. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. मी नेहमीचा निळा ड्रेस घातला.

माझं लग्न मोडलं म्हणून मी तिला सांगितलं, तेव्हा ते मोडलेलं नव्हतं. दोन आठवड्यांनी तुझं पत्र आलं.

हे फक्त तुला ठाऊक असू दे. आईला सांग, मी जेवते, झोपते, बरी आहे.

तुझी, अजून इथेच असलेली,
अक्षता