सभामंडपाची चावी कुणाकडे?

प्रिय आप्पा,

काल देवळाच्या सभामंडपात तुझी शोकसभा झाली आणि मला तिथे बोलू दिलं नाही. म्हणून हे पत्र. जे चार माणसांसमोर बोलायचं होतं ते आता थेट तुलाच ऐकवते. जिवंतपणी राग आला की मध्येच फोन ठेवायचास, आता ती सोय नाही.

बोलू दिलं नाही म्हणजे कसं? "बायांनी भाईर ओट्यावर बसा, आत जागा कमी हाय," असं मंडळाच्या नव्या अध्यक्षांनी सांगितलं. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या! तरी मी उठले, तर म्हणाले, "वैशाली, तू चायच्या टायमाला बोल." आणि आदल्या दिवशी याच गृहस्थांचा मला फोन होता: "तू महाडला कंपनीत जनसंपर्काचं बघतेस ना? बॅनरसाठी चार ओळी लिहून दे." लिहायला मी चालते, बोलायला चालत नाही! शेवटी माझ्या ओळीही घेतल्या नाहीत. बॅनरवर काय छापलंय माहितेय? 'महिलांचे खंबीर आधारस्तंभ'. आणि त्या बॅनरखाली महिला ओट्यावर. तुला हसू आलं असतं. मला नाही आलं.

आपल्या वाडीचा कारभार वाडीत कधी झालाच नाही. माणसं इथे पोलादपूरच्या डोंगरात, मंडळ मुंबईत, आणि मंडळ म्हणजे तू. नळ कुठे बसवायचा, पूजेला काय करायचं, देवळाच्या सभामंडपाची चावी कुणाकडे ठेवायची, सगळं तुम्ही पुरुष मुंबईतल्या एका खोलीत बसून ठरवणार. इथल्या बायांना नंतर कळणार. तुम्हाला यात कधी काही वावगं वाटलं नाही, हे मला आजही पटत नाही.

त्या परदेशी कार्यक्रमाला माझी निवड झाली तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलास तू! "आमची पुतनी जपानला चाललीय," हे वीर स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यालाही सांगून झालं होतं. संवादाच्या क्षेत्रातली आम्ही वेगवेगळ्या देशांतली माणसं, कुणी रेडिओवर काम करणारं, कुणी वार्ताहर. दरडी-पुराच्या धोक्याचे इशारे लोकांपर्यंत कसे पोचतात ते एकमेकांच्या देशांत राहून बघायचं, असा तो कार्यक्रम.

मला डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात ठेवलं होतं. तिथल्या सभागृहाची चावी घराघरांतून फिरते, आपल्याकडे देवाच्या दिवाबत्तीची पाळी फिरते तशी. मी उतरले होते त्या घराची तेव्हा पाळी होती. घर सोडून सभागृहात जमायचा सराव होता त्या दिवशी घरच्या बाईंनी चावी माझ्या हातावर ठेवली. दुभाषी म्हणाला, "तुम्ही यांच्याकडे राहता, म्हणजे पाळी तुमचीही."

दार मी उघडलं, आप्पा! शेजारपाजारची म्हातारीकोतारी माणसं आत येऊन चटयांवर बसली. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझं नाव धड उच्चारता येत नव्हतं. आणि जिथे माझी नाळ पुरली आहे तिथे बैठकीला आम्ही बाया कायम देवळाच्या ओट्यावर! खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला, आणि तो मी सामानाबरोबर घरी घेऊन आले.

आल्यावर सुट्टीच्या दिवशी वाड्यावाड्यांतून हिंडायला लागले. पार वरंधपर्यंत गेले. कंपनीची निवेदनं लिहिणारी मी, आता आपल्या बोलीत निरोप लिहीत होते: "वरनं गढूळ पानी यायला लागलं की घर सोडा, देवळात जमा." फोनवर निरोप पोचायचे, बाया उलट "कळला" म्हणून कळवायच्या. पण "जमा" म्हणणं सोपं. आपल्या देवळात आत कोण घेणार, हे तुला दोनदा विचारलं होतं. तू "बगू" म्हणालास.

मग तो बुधवार आला. डोंगरातून लाल चिखल यायला लागला. निरोप गेला, बाया पोरंबाळं आणि म्हाताऱ्यांना घेऊन डोक्यावर प्लास्टिक धरून देवळाशी आल्या. आणि सभामंडपाला कुलूप! मंडळाच्या इथल्या माणसाकडे चावी होती, तो देईना. का? तर नव्या लाद्या बसवल्या होत्या, चिखलाने खराब होतील, मुंबईला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. पारूकाकीने तुला फोन लावला. आपल्या शेजारची पारूकाकी, जिने तुझ्या आजारी आईला भरवलंय! तिला तू काय म्हणालास?

"मी रविवारी मिटिंग लावतो. तोवर कोनी कुलपाला हात लावू नका."

रविवारी! डोंगर थांबणार होता का रविवारपर्यंत? नशीब म्हणून पाऊस ओसरला. पारूकाकीच्या गोठ्याची मागची भिंत तेवढी चिखलाने नेली. गाय तिने आधीच सोडली होती.

मी महाडहून फोन करून तुला वाटेल ते बोलले. "जपानात जाऊन हेच शिकलीस काय गो? घरच्या मानसावर वरडायला?" असं म्हणून फोन ठेवलास. शिमग्यापर्यंत अबोला धरलास. गणपतीतसुद्धा माझ्या हातचा मोदक खाल्ला नाहीस!

पण शिमग्याला आलास, आणि गावकीच्या बैठकीत सगळ्यांसमोर दाराकडे बघून म्हणालास, "आत या गो सगळ्या." त्या आवाजाने पुरुषच जास्त दचकले. सभामंडपाची चावी पारूकाकीच्या हातात दिलीस. पुढे घराघराची पाळी, आणि दार उघडायला कुणाची परवानगी लागणार नाही. कोपऱ्यातून कुणीतरी विटाळाचं काढलं, तर तू उखडलास, "पाऊस काय विटाळ बगून येतो काय रे?" त्या क्षणी तुझ्यावरचा सगळा राग मी विसरले होते. इतका अभिमान मला कधी कुणाचा वाटला नाही.

मी म्हटलं, आप्पा, याचा गावकीचा नियम कर, सगळ्यांचे हात वर करून घे. तर हसलास. "नियम कशाला? माझा शब्द हाय. मी हाय ना!"

मी हाय ना! कुठे आहेस आता?

गेला पावसाळा चावी घरोघर फिरली. दोन वेळा दार उघडलं, दोन्ही वेळा काही झालं नाही, बाया आत बसून चहा पिऊन घरी गेल्या. याहून चांगलं काय असतं? आणि तू जाऊन महिना नाही झाला तोवर शोकसभेच्या खुर्च्या लावायच्या निमित्ताने मंडळाने पारूकाकीकडून चावी मागून घेतली. सभा संपल्यावर ती परत मागायला गेली तर नवे अध्यक्ष म्हणाले, "आता मंडळाकडंच ऱ्हाऊ द्या. आप्पांचा शब्द आप्पांबरोबर गेला." तुझा शब्द एवढा मोठा, की तू गेलास आणि मागे काहीच उरलं नाही. यासाठी मी तुला माफ करू शकत नाही.

आणि सभेत काय ठरलं ते ऐक. वाडीच्या फाट्यावर तुझ्या नावाची कमान! संगमरवरात तुझं नाव. सगळे हात वर. फक्त घरच्यांची संमती हवी, तशी आपल्याकडे रीत आहे. काकू आमच्यातच ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. तिला विचारलं तेव्हा पदर सावरत एवढंच म्हणाली, "वैशू म्हनंल तसं."

मी ओट्यावरून उठून आत गेले आणि नाही म्हटलं. "घरातलीच उलटली!" असा गलका झाला. होऊ दे. तू असतास तर तूही ओरडला असतास, तुला तुझं नाव किती आवडायचं ते मला ठाऊक आहे.

म्हणून तुला वचन देते. पावसाआधीच्या बैठकीत सगळ्या बाया आत बसून हात वर करतील, चावी घरोघर फिरायचा नियम होईल, तोवर तुझ्या नावाचा एक दगड मी इथे लागू देणार नाही. आणि नियम झाल्यावर कुणी विचारलंच, कमानीचं काय, तर म्हणेन, आता कशाला? चावी फिरतेय ना!

शिमग्यानंतर तुझ्याशी भांडायचं सोडलं होतं, ते पुन्हा सुरू करणारी,
वैशू