पाचव्या थराच्या आत

१२ फेब्रुवारी १९७४, मंगळवार

पोचले एकदाची. औरंगाबादहून अंबड आणि अंबडहून वडीगोद्री, दोन्ही एस.टी.त उभ्याने. फाट्यावर, ज्यांच्या मळ्याशेजारी काम आहे ते अप्पाराव स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. पुढचे दोन कोस कडब्याच्या पेंढ्यांवर लोळत आले. अंग ठेचलं, पण मजा आली. नोकरीचा पहिला दिवस असा असेल असं पुण्यात कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मी इथे चित्रं काढायला आले आहे. दगडांची. गेल्या साली दुष्काळात अप्पारावांच्या मळ्याशेजारी ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा काठात मोठमोठी हाडं आणि घडवलेले दगड सापडले. बातमी फिरत फिरत पुण्याच्या पुरातत्त्ववाल्या भालचंद्र सरांपर्यंत आली आणि सरांनी खोदकाम सुरू केलं. सर म्हणाले, ही हत्यारं करणारे आपल्यासारखे नव्हतेच. माणूस पुरता माणूस व्हायच्या आधीचे. लाखभर वर्षं झाली असतील, कदाचित दुप्पट.

तीन तंबू आहेत. एक सरांचा, एक सामानाचा, एक माझा. स्वयंपाक नंदाबाई खरात करते, मातीची घमेलीही तीच उचलते. तिचा नवरा साहेबराव खोदणाऱ्यांचा मुकादम. तिने जयभीम केला, माझी पेन्सिलींची पेटी उघडून बघितली आणि विचारलं, दगडाचं चित्र काढाया बी शाळा शिकावी लागती का.

१४ फेब्रुवारी

खड्डा पुरुषभर खोल आहे. ओढ्याच्या काठाला लागून असल्याने एका बाजूला उंच उभी भिंत, तिच्यात मातीचे पाच थर अगदी पट्टे आखावेत तसे. सगळ्यांत खालचा पाचवा, पिवळा, खड्यांचा, सिमेंटसारखा कडक. हत्यारं तिथूनच निघतात. आज नऊंची चित्रं काढून झाली. एक हातकुऱ्हाड, बिनदांड्याची, मुठीत धरायची, तळहातावर घेतली तर बरोबर बसली, बोटं आपोआप जागेवर गेली. मला ते आवडलं नाही. का ते सांगता येत नाही.

काढायला बसले की भान राहत नाही. दुपारी नंदाबाई खड्ड्याच्या कडेला येऊन हाक मारते, "ताई, सोडा ते. भाकर निवून राह्यली." मी उठेपर्यंत ती हलत नाही. साहेबराव मला म्याडम म्हणतो आणि हसतो. फार बारीक, चिवट माणूस. त्याने भिंतीवर कुदळीचा दांडा आपटून सरांना दाखवलं, की पाचव्या थराच्या मागे पोकळी आहे. सर खूश झाले.

१७ फेब्रुवारी, रविवार

भर दुपारची गोष्ट. आम्ही सगळे बाभळीखाली जेवत होतो, खड्ड्यात कुणी नव्हतं. आवाज आला. दगडावर दगड. थोड्या वेळाने पुन्हा.

नंदाबाईचा घास हातातच राहिला. ती म्हणाली, "दुष्काळात दोन साल खडी फोडली मी. हा खडीचा आवाज न्हाई. खडीवाला एकसारखा मारतो. हा मारतो, थांबतो, दगड फिरवून बघतो. मंग मारतो."

सर म्हणाले, उन्हाने खडक तडकतात. पण त्यांनी भाकरी अर्धीच ठेवली आणि खड्ड्याकडे तोंड करून बसले. आवाज पाऊण तास चालला. खाली उतरलो तेव्हा बंद झाला.

१८ फेब्रुवारी

भिंतीच्या पायथ्याशी माती ढासळून वीतभर फट पडली आहे. तिच्यापुढे दगडाचे कपचे पडले होते, बत्तीस. आतून हाताने लोटून बाहेर टाकावेत तसे. जुन्या हत्यारांवर तांबूस साय चढलेली असते. हे काळेशार आहेत, नुकतेच फोडल्यासारखे. एकाने माझा अंगठा कापला.

सरांना वाटलं मजुरांनी थट्टा केली. ते साहेबरावाला बोलले. त्याला लागलं. म्हणाला, "साहेब, आम्ही खडी फोडली. असे कपचे काढाया आमच्या हाताला येत न्हाई."

दुपारभर बसून मी ते कपचे एकमेकांना जुळवले. सगळे जुळले. मधे एक पोकळी राहिली, बदामाच्या आकाराची, दीड वीत लांब. म्हणजे जे हत्यार घडलं ते आत आहे. ज्याने घडवलं त्याच्याजवळ.

सरांना दाखवलं. त्यांनी त्या पोकळीत बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, फट मोठी करू.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

हे नीट लिहून ठेवायला हवं.

दोन दिवस खणून फट एक बारीक माणूस सरपटेल एवढी झाली. साहेबराव स्वतः म्हणाला, मी जातो. नंदाबाई नको म्हणत होती. त्याने कमरेला दोर बांधला. सरांच्या हातात बॅटरी, दोर माझ्या हातात. मला म्हणाला, "म्याडम, बराबर धरा." आणि आत गेला.

दहा-बारा हात दोर गेला असेल. मग थांबला. सरांनी हाक मारली. उत्तर नाही. दोर ताणलेला होता. मग आतून, हळू आवाजात, "ताई, सोडा."

मला वाटलं दोर अडकलाय, त्याला ढिला हवाय. मी सोडला.

तो सळसळत आत गेला, माझ्या बोटांची साल निघाली, आणि एकदम सैल पडला. माझ्याकडच्या टोकाने ओढला तर हलका आला. आतलं टोक पिंजलेलं नव्हतं. पात्याने कापावं तसं सरळ कापलेलं होतं.

सर अप्पारावांबरोबर अंबडला गेले आहेत, माणसं आणि सामान आणायला. मजूर गावात गेले, येणार नाहीत. मी आणि नंदाबाई. ती माझ्याशी बोलत नाही.

२२ फेब्रुवारी, दुपार

नंदाबाई पहाटेपासून फटीशी बसली आहे. नवऱ्याचं नाव घेत नाही. एकच हाक, "अवो, ऐकलं का." शंभरदा. दोनशेदा.

अकराच्या सुमारास उत्तर आलं.

ती माझ्याकडे वळून रडायला लागली, जित्ते हायेत म्हणाली. मीही ऐकलं होतं. आतून आलेले शब्द होते, "अवो, ऐकलं का."

ओठ कसे हलवायचे हे माहीत नसलेल्या तोंडातून आल्यासारखे.

तिने विचारलं, "लई लागलं का?" जरा वेळाने आतून, "लई लागलं का."

तिचं रडणं थांबलं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

सरांची चिठ्ठी आली. घाईने खणलं तर सगळा काठ आत बसेल. आधाराच्या बल्ल्या, यंत्र, माणसं जमवतायत. परवा संध्याकाळपर्यंत पोचतो. तुम्ही खड्ड्यात उतरू नका.

२३ फेब्रुवारी, सकाळ

झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात.

साहेबराव मला ताई म्हणत नव्हता. एकदाही नाही.

"ताई, सोडा" हे नंदाबाईचं आहे. रोज दुपारी, खड्ड्याच्या कडेवरून. आत कुणीतरी रोज ऐकत होतं. आणि मी दोर सोडला.

हे तिला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला बी ठावं हाय, ताई. पन त्यो बोलाया शिकून राह्यलाय. शिकाया मानूस लागतं का न्हाई? मंग ह्यांना जित्तं ठिवलं असंल."

२३ फेब्रुवारी, दुपार

गेली. मी वाटेत उभी राहिले, पाया पडले. तिने मला हिरव्या बांगड्यांच्या हाताने बाजूला केलं, रागाने नाही. पदर खोचला, नवऱ्याची कुदळ घेतली. म्हणाली, "दोर नको. तुम्ही हितंच बसा म्हंजी झालं."

आत सरपटताना तिच्या पायांचे तळवे दिसत होते. मग तेही नाही.

मी बसले आहे.

२३ फेब्रुवारी, ऊन उतरताना

कुदळीचे घाव ऐकू आले. सहा. सात. मग दगडावर दगड. मग काही नाही.

हाक मारायची भीती वाटते. जो शब्द बोलेन तो त्याला मिळेल.

२४ फेब्रुवारी, सकाळ

आतून आवाज. "ताई." एवढंच. नंदाबाईचा, अगदी तिचाच, शेवट किंचित वर जाणारा. मी तोंडावर पदर धरला.

"ताई. ताई. सोडा ते."

मी उत्तर दिलं नाही — ती खरंच असेल तर — पण ती असेल तर तेच ते शब्द का —

पळाले नाही. एकदा सोडलं आहे. संध्याकाळी सर येतील. तोवर बसायचं. वही मांडीवर. लिहीत राहायचं.

२४ फेब्रुवारी, दुपार

बराच वेळ शांत. ठोकणंही नाही. फटीच्या अगदी तोंडाशी श्वास. कुत्र्याचा नाही. माणसाचा —

आत्ता बोलला.

"भाईर ऊन हाय का?"

हे आमच्यापैकी कुणी बोललं नव्हतं. मी नाही, नंदाबाई नाही. तीन दिवस उन्हाचं नावही कुणी काढलेलं नाही. हे शिकलेलं नव्हतं. त्याला विचारायचं होतं.

आणि मी — कुणी विचारलं की सांगतो आपण — तोंडातून गेलं — "हो."

खडे सुटतायत. आतून रेटा. फट रुंद होते आहे —

हात. एक हात बाहेर आला, उन्हात. तसाच धरून ठेवलाय, पालथा, उताणा, ऊन लागतंय का बघावं तसा. हिरव्या बांगड्या, नंदाबाईच्या. पण मनगटात नाहीत. बोटांतच अडकल्यात, तीन बोटांतच, पुढे जात नाहीत, एवढा तो हात —