ठणक्याला इंग्रजीत काय म्हणतात

६ जानेवारी

एक्झॅसर्बेट. म्हणजे असलेलं दुखणं आणखी वाढणं, चिघळणं. ॲम्ब्युलेट. म्हणजे चालणं. नुसतं 'वॉक' म्हणायला यांचं काय जातं!

नर्सेसच्या इंग्रजी परीक्षेत नापास झाले ती या असल्या शब्दांमुळेच. ऐकणं, बोलणं, पत्र लिहिणं, तिन्ही भागांत पाहिजे तो दर्जा मिळाला. वाचनात नाही. एकेका ओळीत तीन-तीन अनोळखी शब्द, घड्याळ पळतंय आणि माझे तळहात ओले. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर चारही भाग लागतात. आता मार्चमध्ये पुन्हा, पुण्याला.

प्रेमानंद म्हणाला, "शब्दांचं माझ्यावर सोड." नवरा इंग्रजीचा एम.ए. आणि बायको इंग्रजी वाचनात नापास, हे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त लागलंय. आजपासून रोज दहा शब्द. सकाळी तो देणार, संध्याकाळी विचारणार.

तोंडावर 'तुम्ही' म्हणते. इथे 'तो'. इथे कोण ऐकतंय!

७ जानेवारी

दहापैकी चार.

११ जानेवारी

आज सात! तो इतका खूश झाला की आईंना स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. सासूबाईंना काय कळणार, पण त्या म्हणाल्या, "हुशारच हाय ती. तुलेच उशिरा कळते."

मग त्याने जुनी गोष्ट सांगितली. गावी, वरवट बकालला, शाळेत असताना त्याने शब्दकोश पाठ करायला घेतला होता. 'एम'पर्यंत पोचला आणि दहावीची परीक्षा आली. गुलाबराव, म्हणजे माझे सासरे, तेव्हा होते. पाहुणे आले की पोराला उभं करायचे आणि म्हणायचे, "विचारा याले कोणताबी शब्द." पाहुण्यांना एकही यायचा नाही. मग विचारणार काय? असं म्हणून तो पोट धरून हसला.

त्या पोराने नऊ वर्षं कॉलेजात तासिकेवर काढली आहेत. तास असला तर मानधन, सुट्टी लागली की काही नाही. आमचं ठरलेलं आहे: मी वॉर्डात, तो तिकडे कुठेतरी शिकवणार. आई म्हणतात, "इंग्रजायले इंग्रजी शिकवशीन काय रे?" तो म्हणतो, "हाव, काऊन नाही?"

झोप लागत नाही हल्ली. पडल्या पडल्या शब्द येतात, अर्थ येत नाहीत.

१९ जानेवारी

वॉर्डात सत्यभामाबाई म्हणून पेशंट आहेत. वरवट बकालच्याच. वांगी-भेंडी लावतात. मधुमेह आहे, पायाला जखम होऊन घोट्यापासून वर सूज चढलीय. मला म्हणाल्या, "तू गुलाबरावची सून काय? मंग तर घरचीच हाय."

त्यांना विचारलं, कसं दुखतं? परीक्षेत हे विचारावंच लागतं. त्या विचारात पडल्या. मग सुरू झाल्या: "सकाळी ठणका असते. दुपारी आग. मंधातच चमक निघते अशी वरपर्यंत. अन् बोटाइले तं मुंगळे चालल्यावाणी."

मी मनात भराभरा भाषांतर करत गेले. ठणका, थ्रॉबिंग. आग, बर्निंग. मुंग्या, टिंगलिंग. चमक निघाली की शूटिंग! त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "शूटिंग? म्हणजे शिनेमाची?" शेजारच्या खाटेवरची बाईही हसली.

मग त्या म्हणाल्या, "अन् रात्री जे रवरवते ना, त्याले काय म्हणतात?"

नाही आलं. प्रेमानंदला विचारलं, तोही अडला. म्हणाला, "रवरव म्हणजे नेमकं काय होतं?" आता हे त्याला मराठीत तरी कसं सांगू?

२ फेब्रुवारी

वाईट दिवस.

सत्यभामाबाईंची सलाईन लावली आणि खिडकीशी उभी राहून शब्द म्हणत होते. डिटीरिओरेट, डिटीरिओरेट, प्रकृती खालावणं. बाटली कधी संपली कळलंच नाही. त्यांनीच हाक मारली, "माय, रगत वर चढून राह्यलं वं!" नळीत रक्त हातभर वर आलं होतं.

काही झालं नाही. नळी बंद केली, सुई बदलली. पण इनचार्ज सिस्टरने सगळ्या वॉर्डासमोर झापलं. "इंग्रजी गेलं खड्ड्यात, दीपमाला! तिकडं जाशीन तेव्हा जाशीन. आज इथं ड्युटीवर हायेस ना तू?"

बरोबरच बोलल्या. सत्यभामाबाईच उलट मला समजावत होत्या, "होते बाई, होते."

घरी येऊन प्रेमानंदला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं, आजचे दहा सांग."

रडूही दिलं नाही.

९ फेब्रुवारी

सत्यभामाबाईंना सुट्टी झाली. जाताना गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाय तिकडं, पण तिथल्या म्हाताऱ्याइले मराठीतून नको विचारू." वॉर्ड रिकामा-रिकामा वाटला.

प्रेमानंदला मुलाखतीचं बोलावणं आलंय. देऊळगाव राजाकडचं एक कॉलेज. कायम जागा! आईंनी त्याचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. मी म्हटलं, आपण तर जाणार आहोत, मग मुलाखत कशाला? तो म्हणाला, "तू आधी पास तर हो." सहज म्हणाला. पण दिवसभर बोचत राहिलं.

१८ फेब्रुवारी

जागा गेली. यादीत त्याचं नाव नाही. तो म्हणाला, "मुलाखत चार मिनिटं. त्यातली दोन माझ्या गावाचं नाव विचारण्यात." जेवला नाही. आई ताट झाकून बसून राहिल्या.

२० फेब्रुवारी

आजचे दहा शब्द: सगळे भयंकर. एकही मी कधी ऐकलेला नाही, उताऱ्यांत कधी आलेला नाही. एक तर इतका लांब की एका ओळीत मावेना. मी म्हटलं, हे कुठे लागतात? म्हणाला, "भाषा शिकायची आहे की नुसती परीक्षा द्यायची आहे?"

परीक्षाच द्यायची आहे! सोळा मार्चला!

२४ फेब्रुवारी

पुन्हा तसलेच. दहापैकी दोन. तो म्हणाला, "तुझ्याकडून होणार नाही."

२७ फेब्रुवारी

आज फुटले. शब्द विचारायला बसला तेव्हा मी म्हटलं, हे शब्द वॉर्डात लागत नाहीत.

"हो ना, तुला वॉर्डापुरतंच इंग्रजी पाहिजे."

"हो! वॉर्डापुरतंच पाहिजे. मी वॉर्डातच जाणार आहे."

मग माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं, तुम्ही सांगा. एडिमा म्हणजे काय?"

त्याने खूप आठवून पाहिलं. डोळे मिटले, जसं काही आतल्या आत पानं उलटतोय. मग म्हणाला, "माहीत नाही."

लग्नाला सहा वर्षं झाली. इंग्रजी शब्दाला 'माहीत नाही' म्हणताना मी त्याला आज पहिल्यांदा ऐकलं. मी सांगितलं, सूज. पाणी साचून येते ती. तो म्हणाला, "सूज. अच्छा." आणि उठून गॅलरीत गेला.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१ मार्च

आता शब्द मीच काढते, जुन्या उताऱ्यांतून. सारिकाला, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या नर्सला, डबा खाताना पाठ म्हणून दाखवते. ती मुद्दाम उलटसुलट विचारते. जमतंय.

प्रेमानंद विचारत नाही. मी सांगत नाही.

१६ मार्च, पुणे

झाली. वाचनाचा शेवटचा उतारा मधुमेहाच्या पायावर होता. सत्यभामाबाई आठवल्या, डोळे भरून आले, वेळ नव्हता, पुसले आणि पुढे गेले.

तो सोबत आला होता. बाहेर फाटकाशी उन्हात उभा. मी न मागताच त्याने उसाचा रस आणला. पेपर कसा गेला ते विचारलं नाही. बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपला.

२ एप्रिल

निकाल कधी? दिवसातून दहादा मोबाईल बघते. ओट्यावर दूध उतू गेलं. दोनदा.

९ एप्रिल

पास!!! चारही!

सारिका वॉर्डात नाचली. आईंनी आधी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि मग मला जवळ घेतलं. माझी आई फोनवर नुसती रडत होती. प्रेमानंदने पेढे आणले, कॉलेजात वाटले, गल्लीत वाटले. सगळ्यांना सांगत होता, "आम्ही चाललो."

४ मे

व्हिडिओवर मुलाखत झाली. तिकडच्या हॉस्पिटलची बाई गोड बोलली. घेतलं मला!

१५ मे

नर्सना तिकडे पाठवणाऱ्या पुण्याच्या एजन्सीतून फोन. स्पीकर लावला होता, दोघांनाही ऐकू यावं म्हणून. ती पोरगी भराभर विचारत होती, पासपोर्ट, तारखा. मग म्हणाली, "आणि मॅडम, मिस्टर डिपेंडंट म्हणून येणार ना?"

डिपेंडंट. म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून असलेला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

मी म्हटलं, नंतर कळवते. ठेवला.

तो म्हणाला, "डिपेंडंटचं स्पेलिंग दोन प्रकारे होतं. विशेषण असेल तर शेवटी ई-एन-टी. नाम असेल तर ए-एन-टी." मग हसला. "मी नाम झालो, दीपा."

मी कुकर लावला.

२१ मे

तो आता गल्लीत कुणाला काही सांगत नाही. कुणी विचारलं की म्हणतो, "बघू." रोज सकाळी दाढी करून बसतो. कॉलेजला सुट्ट्या आहेत, जायचं कुठेच नसतं. मी ड्युटीवरून आले की चहा करून देतो. इतका नीट वागतो की भीती वाटते.

२८ मे

दुपारी आई मेथी निवडत होत्या. मी समोर बसले. मान वर न करता म्हणाल्या, "त्याले सोबत नेऊ नको."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तो तिकडं घरी बसन. भाकरी टाकन. तू दिवसभर राबून येशीन. दुसऱ्याचं पोरगं असतं तं चाललं असतं. हा माह्या पोटचा हाय, मले माहीत हाय. तो तुले कधीच माफ नाई करणार."

"आई, मग मी जाऊच नको का?"

आता त्यांनी वर पाहिलं. "जाय म्हणून राह्यली मी. जाय. मी हावो ना त्याच्यापाशी."

पुढे दोघी मेथीच निवडत राहिलो.

४ जून

वॉर्डातून, जेवणाच्या सुट्टीत, एजन्सीला फोन केला. म्हटलं, सध्या मी एकटीच येते. ती पोरगी म्हणाली, "ओके मॅडम." एवढंच! मला वाटलं होतं कुणीतरी काहीतरी विचारेल.

आईंना सांगितलं. त्याला नाही. जीभच रेटत नाही. घरात शिरताना चप्पल काढायलासुद्धा वेळ लावते. सहा वर्षं आम्ही 'आपण जाऊ' म्हणत आलो. त्यातला 'आपण' मी एका फोनवर खोडला. त्याला न विचारता!

९ जून

आजही नाही सांगितलं. तो विचारत होता, तिकडे थंडी किती असते.

१२ जून

सांगितलं. सकाळी, चहा पिताना, आईंसमोर. "मी एकटीचंच कळवलंय. तुमचं नाव नाही दिलं."

त्याचा कप हातातच. मी वाट बघत होते, ओरडेल, उठून जाईल, बोलणं टाकेल. त्याने एक मोठा श्वास सोडला.

"बरं केलं, दीपा. 'येत नाही' म्हणून माह्या तोंडून निघतच नव्हतं."

मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि ॲडमिशनच्या कामाला कॉलेजात गेला. जिना उतरताना शीळ घालत होता. लग्न झाल्यापासून मी त्याची शीळ कधी ऐकली नव्हती.