सारसोळ्याच्या ओट्यावरचे डाव

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सामान लागलं एकदाचं. टेम्पो सारसोळ्याच्या गल्लीत शिरेना, म्हणून नाक्यावरच उतरवला आणि कपाट दोन पोरांच्या खांद्यावरून आलं. पण खोली मनासारखी मिळाली. दुसरा मजला, खिडकीतून पामबीच रोडच्या पलीकडची खारफुटी दिसते आणि वारा सुटला की खाडीचा वास थेट उशीपर्यंत येतो. शाळा चालत जाण्याइतकी जवळ. सातवी-आठवीला मराठी शिकवायचं. सातारा सोडताना रडले होते, आता इथे खुशीत भांडी लावतेय.

घरमालकीण विमलबाई तळमजल्यावर राहतात. पहिल्या दिशी चूल पेटवायची नाय, असं बजावून त्यांनी कोलंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वर पाठवली. तेजश्री हे नाव त्यांना लांब वाटलं, त्यांनी लगेच, आई म्हणते तसं, तेजू केलं.

त्यांचा एकुलता मुलगा हरेश. पंचविशीतला असेल. कॉलेजात बुद्धिबळाचा चॅम्पियन होता. पामबीचवर बाइकचा अपघात झाला, डोक्याला मार बसला आणि तेव्हापासून त्याने एक शब्द उच्चारलेला नाही. चालतो, जेवतो आणि दिवसभर ओट्यावर पट मांडून बसतो. मी जिना चढताना त्याने मान वर केली. मला पट दिसला आणि मी पायरीवरच थांबले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खेळले! बारावीनंतर प्याद्याला हात लावला नव्हता. माझे वडील, दादा, वाशी मार्केटात माथाडी होते, तिथेच पोत्यांवर बसून खेळायला शिकले आणि सुट्टीला गावी आले की मला शिकवायचे. त्यांच्या जिवावर मी जिल्ह्यापर्यंत गेले. ते गेले आणि पट माळ्यावर गेला. आता कधी तरी मुलांच्या स्पर्धा पाहायच्या, एवढाच संबंध उरला होता.

शाळेतून आले तर विमलबाईंनीच हटकलं. "तुला येतं काय गो? मग खेल ना माझ्या पोरासंगं. डाक्टर बोलला, डोका चालता ठेवा."

सुरुवातीला चाचपडले. उंट फुकट घालवला. मग हळूहळू पट उघडत गेला, जुन्या वाटा आठवायला लागल्या आणि मी जिंकले. हरेश सुरेख खेळतो. फक्त एक खटकलं. तो पटाकडे फारसं बघतच नाही. मी बोलत होते तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत होता.

९ नोव्हेंबर, रविवार

आज जेवायचं भान राहिलं नाही. डाव संपला की तो लगेच सोंगट्या मांडतो आणि माझ्याच्यानेही उठवत नाही. अशा खेळ्या सुचतायत की माझं मलाच नवल वाटावं. दादा असते तर! खेळताना माझी बडबड चालू असते, शाळा, गाव, आई, काहीही. तो ऐकतो. ओठ हलवतो, आवाज काढत नाही.

संध्याकाळी कपडे वाळत घालताना खालच्या लाद्यांवरून घोडा कसा जाईल तेच बघत उभी राहिले. चैन म्हणून पडत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वर्गात विचित्र झालं. पुसायला सांगायचं होतं आणि ज्यावर आपण खडूने लिहितो त्याला काय म्हणतात तेच आठवेना. पोरं हसली. मीही हसले. प्रवास, दगदग, झोप कमी, होतं असं.

परत आले तर ओट्यावर गर्दी. विमलबाई रडत होत्या आणि पेढे वाटत होत्या. हरेश बोलला होता. शेजारणीने मला विचारलं, काय बोलला असेल सांग? तेवढ्यात तोच माझ्याकडे बघून म्हणाला.

"फळा."

त्याने म्हटला म्हणून तो शब्द मला इथे लिहिता येतोय. आणि आणखी एक. या घरात कुणीच ळ म्हणत नाही. विमलबाई 'फला' म्हणतात, केळ्याला 'केला' म्हणतात. हरेशचा ळ माझ्यासारखा होता, स्वच्छ.

मी पेढा घेतला. मग बसलो खेळायला.

१६ नोव्हेंबर, रविवार

सीवूड्सच्या हॉलमध्ये खुली स्पर्धा होती, सहज गेले आणि सगळे डाव जिंकले. एक रेटिंगवाला म्हातारा पटावरून उठताना माझ्याकडे भूत बघितल्यासारखं बघत होता. मी विचार करत नाही. हात जातो आणि तिथेच जायला हवा असतो.

शेवटी संयोजक सयाजी पवार माइक घेऊन आले आणि त्यांनी मला नाव विचारलं.

मी उभी राहिले. सगळे थांबले. नाव होतं, जिभेच्या अगदी मागे होतं, पण येईना. शेवटी मी गळ्यातलं शाळेचं कार्ड पुढे केलं. त्यांनी वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. घाबरल्या असतील मॅडम, असं कुणीतरी म्हणालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हरेश आता सारखा बोलतो. लोक ऐकायला येतात. विमलबाईंना त्याचं निम्मं कळत नाही, तरी त्या खूश.

आज मी घोडा पटाच्या कडेला नेला आणि तो हसून म्हणाला, "आगं तेजे, घोडं भिताडाला नेऊन बांधू नगं, उपाशी मरंल."

हे दादांचं बोलणं. शब्दन् शब्द. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. आणि सारसोळ्यात वाढलेला मुलगा कोरेगावकडचं बोलतो कसा? दादांसारखं 'आगं'?

मी उठायला हवं होतं. तो डाव मी जिंकला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मुद्दाम विचारलं. घोडा त्याच्या हातात दिला आणि कसा चालतो ते दाखव म्हटलं. त्याने तो उलटासुलटा करून बघितला, लहान मूल खेळणं बघतं तसा. त्याला येत नाही आता. त्याचं सगळं बुद्धिबळ माझ्याकडे आलंय. आणि माझं —

मुख्याध्यापिकेने सुट्टी घ्यायला सांगितलं. डॉक्टरकडे गेले. डोक्याचे फोटो काढले. सगळं ठीक आहे म्हणे, टेन्शन घेऊ नका.

आईला फोन लावला. खूप सांगायचं होतं. मी नुसती आ-आ करत राहिले. तिकडून आईचा आवाज चिरकला. येते म्हणाली, आहे त्या गाडीनं येते.

२३ नोव्हेंबर, रविवार

बॅग भरली. आई आली की निघायचं.

विमलबाई वर आल्या. त्यांना कळलंय. माझा हात धरून म्हणाल्या, "तू जा गो आता. माझा पोर बोलला, मना भरून पावला. तुला खाऊन नको मना त्याचा बोलना." त्यांनी पट आत नेऊन ठेवला आणि दाराला ते — लोखंडी, किल्लीने उघडतं ते — लावलं.

चांगलं झालं.

चांगलं झालं, असं मी लिहिलं आणि खाली गेले. पायच घेऊन गेले. दार वाजवत राहिले. आतून विमलबाई रडून नको नको म्हणत होत्या. मी वाजवत राहिले. हात सोलला. शेवटी दार उघडलं ते हरेशने. पट त्याच्या काखेत होता.

"का गं, यवढा उशीर?" म्हणाला.

२४ नोव्हेंबर

आई आली. गळ्यात पडली. खूप रडली. मला विचारत होती, मी बघत होते. तिच्या साडीवर चौकडी. काळा, पांढरा, काळा.

हरेश वर आला. आईच्या पाया पडला. बोलायला लागला. आमची विहीर, पाडव्याची गुढी, मी पडले होते ते — ते झाड — सगळं. आई आधी घाबरली. मग ऐकत राहिली. मग तिने त्याचा हात धरला.

तेजू, म्हणाली. त्याला.

२५

आधीची पानं वाचली. अक्षर माझं. अर्धं कळत नाही. कालवण म्हणजे —

आई माझ्याशी मोठ्याने बोलते. बहिऱ्याशी बोलतात तसं. भरवते. मग खाली जाते. त्याच्याकडे.

मी एकटीच दोन्ही बाजूंनी खेळते. थांबता येत नाही.

विमलबाई येतात. पायाशी बसतात. माझे पाय धरतात. त्या एकट्याच मला ओळखतात —

२६

जायचं आज. आई म्हणते गावी जाऊ. तिघं. तोही.

मला 'नाही' म्हणायचंय. कागदावर लिहून दाखवेन. लिहिता येतंय अजून. लवकर —

खाली ती हसतेय. त्याच्याशी. त्याने हाक मारली तिला. तो शब्द ऐकला मी, इथे लिहायला घेतला. आणि — गेला. दोनच अक्षरं — मला जन्म दिला ती — माझी — तिला मी काय म्हण