तिसरा पेला

कर्वेनगर, पुणे
२ फेब्रुवारी २०१४

प्रिय सुनीती,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? नसेल तर सांगतो, मी श्रीधर. दिगंबर सरांच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं तुझ्यासमोर बसून गुळवेलीचे काढे चाखणारा. चाळीस वर्षांत साधं पोस्टकार्ड टाकलं नाही आणि आता एकदम एवढं लांबलचक पत्र, म्हणून हसू नकोस. तुझा नागपूरचा पत्ता नीरजाने शोधून दिला. नीरजा म्हणजे आपल्याच कॉलेजात सध्या संशोधन करणारी मुलगी. तिच्याबद्दल पुढे लिहितोच.

मी तसा बरा आहे. वासंती, माझी बायको, जाऊन तीन वर्षं झाली. आता घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ, तेही मागे पडतं. सोसायटीतली मंडळी "काय, जेवलात का?" म्हणून विचारतात आणि उत्तराआधी लिफ्टमध्ये शिरतात. वासंतीला माझा एक मोठा अभिमान होता. शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांना कारलंसुद्धा गोड लागतं!" लोकांना वाटायचं, काय सोशिक माणूस आहे. सोशिक कसला! सुनीती, मला कडू लागतच नाही. कॉलेजात असताना टायफॉइड झाला, त्यात ती चव गेली ती गेलीच. गोड कळतं, खारट कळतं, आंबट कळतं. कडू म्हणजे नुसतं पाणी. वासंतीला हे मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने पुढचं विचारलं असतं, की मग त्या प्रयोगशाळेत तीन वर्षं तुम्ही केलंत तरी काय.

काय केलं ते तुला आज सांगतो. वारज्याच्या मथुराबाई पाटीभर गुळवेल घेऊन यायच्या, आठवतं? कडुलिंबावरची वेगळी, आंब्यावरची वेगळी बांधलेली. "लई कडू हाय बरं का, जपून," असं दर खेपेला बजावायच्या. सरांचं म्हणणं होतं की कडूपणातच तिचा औषधी गुण आहे, आणि तो कडूपणा मोजायचा होता. त्याला यंत्र नव्हतं, म्हणून आपल्या जिभा. दहा पेले, पहिला सगळ्यांत पातळ, दहावा सगळ्यांत दाट. घोट घ्यायचा, अर्धा मिनिट तोंडात धरायचा, थुंकायचा, चूळ भरायची, मग पुढचा. ज्या पेल्याला पहिल्यांदा कडू लागेल त्याचा आकडा आपापल्या वहीत. बोलायचं नाही, आणि वह्या संध्याकाळी थेट सरांच्या कपाटात. सरांच्या हाताखाली काम करायचं माझ्या फार मनात होतं. जीभ मेलेली आहे असं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. मी गप्प राहिलो आणि तुझ्यामागून घोट घ्यायला लागलो. तुला कडू लागलं की डाव्या डोळ्याखाली एक बारीक सुरकुती पडायची. ती दिसली की मी आकडा लिहायचो. कधी उजेड कमी असला की एखाद्या आकड्याने चुकायचो, तेवढंच.

तीन वर्षं एखाद्या मुलीचा चेहरा असा रोज पाहिला की पुढे काय होतं, ते तुला सांगायला नको. पण जिच्या तोंडाकडे बघून चोरी करतो, तिलाच मागणी कुठल्या तोंडाने घालणार? उद्या बोलू, परवा बोलू असं करत राहिलो. मग तुझं नागपूरचं ठरलं.

आता नीरजा. गेल्या महिन्यात तिला सरांच्या कपाटात आपल्या वह्या सापडल्या. मला शोधत घरी आली, दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि म्हणाली, "सर, काय जीभ होती हो तुमची! ह्या तारखेपासून मॅडमचा आणि तुमचा एकही आकडा वेगळा नाही!" तुझी वही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती दाखवत होती ती तारीख होती १२ जानेवारी १९७३. मी आदल्या दिवशीचं पान बघितलं. तिथे माझ्या वहीत तीन लिहिलं होतं, तुझ्या वहीत आठ.

तो दिवस मला पक्का आठवतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काल पान खाऊन आला होतात का आपण?" त्या दिवशी तिसऱ्या पेल्याला तुझी सुरकुती मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आणि तू लिहिलंस आठ! मुद्दाम तोंड वाकडं केलंस ना? मी बघून लिहितो की काय, हे पाहण्यासाठी? सर बोलत होते तेव्हा तू खाली मान घालून पेले पुसत होतीस. मग तू खुर्ची उचलून खिडकीकडे फिरवलीस, म्हणालीस, "थंडी वाजते, जरा उन्हात बसते." त्या दिवसापासून तुझ्या चेहऱ्यावर भरपूर उजेड असायचा आणि माझा एकही आकडा चुकला नाही. मी मूर्ख, मला वाटलं तुला खरंच थंडी वाजते.

ह्याच आकड्यांवरून नीरजा रुग्णांना द्यायच्या काढ्याचं प्रमाण ठरवणार होती. काल जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने पट्टी घेऊन आपल्या तक्त्यातला माझा रकाना सरळ कापला. तुझा ठेवलाय. तुझ्या वहीतला प्रत्येक आकडा खरा होता. त्या तीनच्या आकड्याबद्दल तिने विचारलं तेव्हा मात्र चुकून पडला असेल म्हणालो. ते कुणाला सांगायचं माझ्या जिवावर आलं. घरी आलो, चहा टाकला, आणि हे बोलायला समोर कुणीच नाही म्हणून रडू आलं. म्हणून हे पत्र. तू लग्नाचे पेढे वाटलेस तेव्हा माझ्यासमोर थांबून हळूच विचारलं होतंस, "हा तरी लागतो ना गोड?" मला वाटलं, थट्टा करतेस. मी नुसता हसलो, उत्तर दिलंच नाही. आज देतो. नव्हता लागला.

तुझाच,
श्रीधर